पुडी आणायला मूल नको: केंद्रातल्या शाळांनी घरं व्यसनमुक्त करण्याची वर्षभराची पद्धत

शाळेच्या फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' अशी पाटी असते, भिंतीवर चित्रं असतात, फाइलीत कार्यक्रमांचे फोटो असतात. त्याच शाळेतलं चौथीतलं मूल संध्याकाळी हातात दहाची नोट घेऊन टपरीवर जातं आणि वडिलांची पुडी, काकांचं बिडीबंडल घेऊन येतं. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीत प्रगती म्हणून पाट्या आणि प्रमाणपत्रं मोजली जातात, हा फेरा कुणी मोजत नाही. या लेखातली सगळी पद्धत त्या फेऱ्याभोवती बांधलेली आहे.

त्याला कारण आहे. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. सगळ्यात महत्त्वाचा आकडा पुढचा आहे. तोंडात धरायची किंवा चघळायची तंबाखू वापरलेल्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी ती वयाची दहा वर्षं पुरी व्हायच्या आत चाखली होती. बिडीसाठी हे प्रमाण ४७ टक्के, सिगारेटसाठी ३८ टक्के. आठ-नऊ वर्षांचं मूल कट्ट्यावर बसत नाही. त्याच्या हाताला जे लागतं ते घरात आणि घराच्या वाटेवर लागतं.

खालची पद्धत जिल्हा परिषद व अनुदानित शाळांचे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासाठी आहे. घराविषयीचा भाग कोणत्याही पालकाला, शहरातल्या सोसायटीतल्यासुद्धा, तसाच्या तसा वापरता येईल.

जूनमध्ये आधी मोजा

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात, एकही भाषण किंवा प्रभातफेरी व्हायच्या आधी, मुलांच्या निनावी चिठ्ठ्यांवरून मोजणी उरका. भाषणानंतर मोजलं की मुलं गुरुजींना आवडेल ते उत्तर देतात.

त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असतात, त्यामुळे 'शाळा आमच्या घरात डोकावते' ही तक्रार तिथेच बोलून मिटते. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: चिठ्ठीवर नाव नसेल, चिठ्ठ्या गावात उघडल्या जाणार नाहीत, आणि आकडा एकट्या शाळेचा न सांगता केंद्राचा सांगितला जाईल.

पाचवी ते आठवीच्या मुलांना चतकोर कागद द्या. मोठ्या कागदाचे चार तुकडे होतात, म्हणजे ६० मुलांना १५ कागद पुरतात. चारच प्रश्न छापा आणि प्रत्येकापुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन ठेवा.

१. गेल्या सात दिवसांत तुला कुणी तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा, बिडी, सिगारेट किंवा दारू आणायला पाठवलं का?
२. गेल्या सात दिवसांत घरातल्या कुणी तुझ्यासमोर यातलं काही घेतलं का?
३. घरात मिश्री, तपकीर किंवा गुल (दाताला लावायची तंबाखूची पूड) आहे का?
४. घरातली औषधं तुझा हात पोचेल अशा जागी आहेत का?

आपल्या भागात वेगळा शब्द असेल तर तोच छापा. पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलाला 'खर्रा' कळत नाही आणि गडचिरोलीतल्या मुलाला 'मावा' म्हटलं की बर्फी आठवते. विदर्भात पहिल्या प्रश्नात 'खर्रा घोटून द्यायला सांगितलं का' हेही जोडा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीवर घासून एकजीव करायचं काम घरात मुलाकडे येतं, तेव्हा त्याच्या बोटांना तो ओला चुरा लागतोच आणि बोट तोंडात जातंच.

मुलांनी फक्त खूण करायची, अक्षर लिहायचं नाही, कारण वर्गशिक्षक अक्षर ओळखतात. सगळ्यांना सारख्याच पेन्सिली द्या. चिठ्ठी दोन घड्या घालून बंद डब्यात टाकायची आणि डबा केंद्रशाळेत उघडायचा. ही मोजणी वर्गशिक्षकांनी न घेता शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांनी घेतली तर उत्तरं जास्त खरी येतात.

'तू स्वतः घेतोस का' हा प्रश्न मुद्दाम ठेवलेला नाही. चिठ्ठी निनावी असल्याने 'हो' आलं तरी त्या मुलाला मदत करता येत नाही, आणि त्या एका प्रश्नाच्या भीतीने बाकीची चारही उत्तरं खोटी होतात.

मोजणी बिघडते ती ठरलेल्या ठिकाणी. सगळ्यात वाईट चूक म्हणजे वर्गात हात वर करायला सांगणं: 'कुणाच्या घरी दारू पितात?' असं विचारलं की दोन-तीन मुलं खाली मान घालतात, बाकीची त्यांच्याकडे बघतात, आणि ती मुलं दुसऱ्या दिवशी शाळेला येत नाहीत. दुसरी चूक लहान शाळांची. आठ-दहा मुलांच्या वस्तीशाळेत निनावी चिठ्ठीसुद्धा निनावी राहत नाही, म्हणून अशा शाळांच्या चिठ्ठ्या तीन-चार शाळा मिळून एकाच डब्यात टाका. पहिली ते चौथीच्या मुलांना चिठ्ठी देऊच नका. तीच चिठ्ठी पालकसभेत आयांच्या हातात द्या. तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्याकडूनच मिळतं.

शाळेची हद्द: हे काम महिन्याभरात उरका

तंबाखू नियंत्रण कायदा २००३ च्या कलम ६ प्रमाणे शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि १८ वर्षांखालच्या कुणालाही ते कुठेच विकता येत नाहीत. १०० यार्ड म्हणजे ९१.४ मीटर. हे अंतर कुंपणाच्या भिंतीपासून मोजायचं असतं, शाळेच्या इमारतीपासून किंवा फक्त फाटकापासून मोजू नका. मोजपट्टी घेऊन चारही बाजूंना चाला आणि रस्त्यावर पिवळी रेघ मारा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१९ च्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्था मार्गदर्शक सूचनांमध्ये ही रेघ, फाटकावरची आणि आतली पाटी, तंबाखू निरीक्षक नेमणं, सहा महिन्यांत निदान एक उपक्रम आणि आवारात थुंकीचे डाग किंवा थोटकं नसणं हे निकष आहेत. पाटीवर तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव, पद आणि फोन रंगवा. नाव नसलेल्या पाटीचा उपयोग होत नाही.

आधी आपल्या माणसांकडे बघा. शिक्षक, शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, रिक्षावाले. शिक्षकाच्या खिशातली पुडी मुलांना पहिल्याच दिवशी कळते.

टपरीवाल्याशी भांडण शाळेने एकट्याने ओढवून घेऊ नये. क्रम असा ठेवा: समितीतल्या दोन पालकांनी जाऊन बोलायचं, मग १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव, मग ठरावाची प्रत जोडून पोलीस ठाण्याला आणि गुटख्यासाठी अन्न व औषध प्रशासनाला पत्र. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि सुटी बिडी-सिगारेट विकायला २०२० पासून मनाई आहे. मुलाला परवडते ती सुटीच, म्हणून हा नियम टपरीवाल्याला आवर्जून सांगा. 'वडिलांनी सांगितलंय' या कारणाने मुलाच्या हातात पुडी देता येत नाही, हेही त्याला माहीत हवं. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिथे २०१६ पासून चाललेल्या दारू-तंबाखूविरोधी मुक्तिपथ अभियानात विक्रेत्यांशी बोलायचं काम गावाच्या समित्या करतात. शाळेचा गुरुजी उद्या बदलीवर जातो, गाव तिथेच असतं. म्हणून हे काम गावाच्या नावाने व्हावं.

घरफेरी: एक संध्याकाळ, एक पिशवी, एक कुलूप

पालकसभेत भाषणाऐवजी घरफेरी शिकवा. दोन मोठ्या माणसांनी मिळून आपल्याच घरात पाऊण तास फिरायचं. मुलाची उंची लक्षात घेऊन, म्हणजे जमिनीपासून साधारण चार-साडेचार फुटांपर्यंतचं आधी बघायचं, मग खुर्चीवर चढून हात पोचेल तिथपर्यंतचं. शाळेने कुणाच्या घरी तपासायला जायचं नाही. हे काम घरच्यांचंच आहे.

स्वयंपाकघरापासून सुरू करा. मिश्रीचा डबा बहुधा चुलीजवळच्या फळीवर किंवा मोरीतल्या कोनाड्यात असतो. तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजून ती कुटतात. भाजताना उठणारा खाट मुलांच्या छातीत जातो आणि तो डबा दात घासायच्या जागीच असल्याने मुलं आजीचं बघून बोटावर घेतात. तिला व्यसन न म्हणता दंतमंजन म्हणतात, हीच तिची मोठी अडचण आहे. दंतमंजन किंवा टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे. घरी भाजलेल्या मिश्रीला मात्र हा नियम पोचत नाही. पहिली पायरी इतकीच: मुलांचे ब्रश आणि पेस्ट वेगळ्या जागी, मिश्रीचा डबा मोरीतून बाहेर, आणि मिश्री भाजणं घरात पूर्ण बंद.

मग खुंटीवरचा सदरा, उशीखालची जागा, गाडीची डिकी, ट्रॅक्टरचा टूलबॉक्स. पुडी किंवा चुन्याची डबी तिथे राहिली की रांगत्या मुलाच्या तोंडात जाते. ओली तंबाखू किंवा सिगारेटचं थोटूक गिळलेलं लहान मूल पांढरंफटक पडतं, लाळ गाळतं, उलट्या करतं. अशा वेळी तोंडातलं बोटाने काढायचं, उलटी काढायला घशात बोट घालायचं नाही, पुडी बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा. १०८ ची रुग्णवाहिका आणि दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा १८००-११६-११७ हे दोन्ही क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

आता औषधं. या बाबतीत शिकलेली घरंही निर्धास्त असतात. आजोबांच्या झोपेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या), ऑपरेशननंतर उरलेल्या ट्रामाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ही सगळी नशेसाठी वापरली जाणारी औषधं आहेत. म्हणूनच ती एच-वन अनुसूचीत आहेत, दुकानदाराला त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते आणि पाकिटावर लाल चौकट असते. घरी करायचं ते असं:

- लाल चौकटीची औषधं वेगळी काढा आणि कुलूप लागेल अशा डब्यात ठेवा. किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे.
- पट्टीच्या मागे मार्करने तारीख आणि उरलेल्या गोळ्यांची संख्या लिहा. '१२ जुलै, ८ शिल्लक' एवढं पुरे. दर रविवारी मोजा. दोन कमी निघाल्या तर लगेच कळतं, नाहीतर पट्टी संपेपर्यंत कळत नाही.
- उपचार संपल्यावर उरलेलं 'असू दे' म्हणून ठेवू नका. मेडिकलवाला परत घेत असेल तर द्या. नसेल तर गोळ्या वेष्टनातून काढून वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत कालवा, पिशवी गच्च बांधून कचऱ्यात टाका, आणि रुग्णाचं नाव असलेला कागद फाडून टाका.
- आजीला गोळी आणून द्यायचं काम मुलाला सांगू नका. मुलाला गोळीची ओळख, जागा आणि परिणाम तीनही त्यातूनच कळतात.

शेवटी पडवी, गोठा, गॅरेज. पंक्चरचं सोल्युशन, रंगातलं थिनर, पेट्रोलची बाटली, दप्तरातलं व्हाइटनर. हुंगायच्या नशेकडे घरं सगळ्यात कमी लक्ष देतात, पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये तिचं प्रमाण १.१७ टक्के होतं आणि मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के. मोठ्यांपेक्षा मुलं जास्त वापरतात अशी नशा हीच. खुणा साध्या असतात: रुमालाला किंवा बाहीला उग्र वास, रंगाचे डाग, नाक-ओठांभोवती लाल पुरळ, कोपऱ्यात सापडलेली घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी. नुकतंच हुंगलेलं मूल सापडलं तर त्याच्यावर ओरडू नका, त्याच्या मागे धावू नका. या वाफांनी हृदय इतकं नाजूक अवस्थेत असतं की अचानक भीती किंवा पळापळ झाली तर ठोके बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो. हळू बोलायचं, मोकळ्या हवेत बसवायचं, १०८ ला फोन करायचा.

कीटकनाशक, रॉकेल, हातभट्टी किंवा मोहाची दारू कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलेली असेल तर ती त्याच संध्याकाळी घराबाहेर काढा. यात अपवाद नको. शहरातल्या घरांनी मुलाच्या टेबलावरच्या पेनड्राइव्ह किंवा हायलायटरसारख्या दिसणाऱ्या, गोड फळाचा वास येणाऱ्या वस्तूही बघाव्यात. ई-सिगारेटची विक्री, आयात आणि साठवण २०१९ च्या कायद्याने बंद आहे, तरी ती ऑनलाइन मिळते.

पुडी आणणं बंद: हा करार मोठ्यांचा

वर्षभराच्या कामातली ही सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक पायरी आहे. वडिलांनी आज तंबाखू सोडावी अशी अट घातली की पालकसभेला वडील येत नाहीत. 'सोडा किंवा सोडू नका, पण मुलाला आणायला पाठवू नका आणि मुलासमोर मळू नका' एवढंच मागितलं तर बहुतेक जण ऐकतात, कारण मुलाने हे करू नये असं त्यांनाही वाटत असतं.

पालकसभेत एक छोटा कागद द्या. मजकूर एवढाच: 'आमच्या घरातलं कोणीही मुलांना तंबाखू, बिडी, सिगारेट, गुटखा, खर्रा किंवा दारू आणायला पाठवणार नाही. मुलांसमोर घेणार नाही. हे पदार्थ मुलांचा हात पोचेल तिथे ठेवणार नाही.' खाली घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही किंवा अंगठा. आई-वडिलांची सही झाली आणि आजोबांची राहिली तर करार अर्धाच, कारण दुपारी घरी असतात ते आजोबा. पाहुण्यांसाठीही तोच नियम. मामा आला म्हणून पोराला पानटपरीवर पिटाळायचं नाही.

मुलाने काय म्हणायचं तेही शिकवा, पण ओझं त्याच्यावर टाकू नका. 'आजोबा, दुकानदार मला देत नाही' हे वाक्य मुलासाठी सगळ्यात सुरक्षित आहे. त्यात उलट उत्तर नाही, उपदेश नाही. म्हणूनच टपरीवाल्याशी आधी बोलणं झालेलं हवं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम टपरीवर सांगा. घरात मुलाच्या तोंडून ते वदवू नका. 'बाबा, तुम्हाला सात वर्षं जेल होईल' असं म्हणणारं मूल मार खातं.

मुलांकडून वडिलांना पत्र लिहून घ्यायची पद्धत अनेक शाळांत आहे. चांगल्या घरात तिचा परिणाम होतो, वडील रडतातही. पण जिथे दारू पिऊन मारहाण होते तिथे हेच पत्र मुलावर आणि आईवर उलटतं. त्यामुळे पत्र सक्तीचं नको, स्पर्धेसाठी नको, आणि सगळ्या वर्गाकडून एकाच दिवशी घरी पाठवायचं तर अजिबात नको. ज्याला लिहायचं त्याने लिहावं, आणि द्यायचं की नाही हे आईशी बोलून ठरवावं.

मोठ्यांना सोडायचं असेल तेव्हा

करारावर सही केलेल्यांपैकी काही जण महिना-दोन महिन्यांत स्वतःच विचारतात, 'सोडायची कशी?' तेव्हा हातात माहिती हवी.

तंबाखू किंवा मिश्री सोडल्यावर चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं, पोट साफ न होणं हे त्रास पहिल्या तीन-चार दिवसांत सगळ्यात जास्त असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. मिश्री सोडलेल्या बाईला दात शिवशिवल्यासारखे वाटतात आणि 'मिश्रीने दुखणं थांबत होतं' असं वाटून ती परत सुरू होते. म्हणून सोडायच्या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दात दाखवून घ्या. दिवसातून पाच वेळा लावणारीने एकदम बंद करणं जमत नसेल तर दर चार दिवसांनी एक वेळ कमी करावी आणि सकाळची पहिली वेळ शेवटी सोडावी, कारण तीच सगळ्यात अवघड असते. पोटासाठी सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी आणि जेवणात भाजी वाढवा. तलफ साधारण पाच ते दहा मिनिटं टिकते. तेवढा वेळ पाणी पिणं, दीर्घ श्वास आणि हाताला काम.

२ मिलिग्रॅमचा निकोटिन च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतो, पण तो चुकीचा खाल्ल्याने लोक सोडून देतात. साध्या च्युइंगमसारखा भराभर चावून लाळ गिळली की उचकी, मळमळ, घसा जळणं सुरू होतं. हळू चावायचा, झणझण जाणवली की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायचा, झणझण थांबली की परत चावायचा. असं २० ते ३० मिनिटं. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. सुरुवातीला एक ते दोन तासांनी एक, आणि पुढे हळूहळू कमी. हृदयविकार असेल, गरोदर असाल किंवा जास्त ताकदीचा गम हवा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हा गम मुलांसाठी नाही, तोही कुलपातच ठेवायचा.

दारूचं वेगळं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका रात्रीत बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, थरथर, ताप अशी अवस्था जिवावर बेतू शकते. त्यामुळे ग्रामसभेत सामूहिक शपथ घेण्याआधी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि प्यायल्यावरच थांबतात, अशा माणसाने सोडायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. व्यसनमुक्ती केंद्र निवडताना नातेवाइकांना भेटू देतात का, डॉक्टर रोज येतात का, मारहाण-कोंडून ठेवणं होत नाही ना, हे आधी स्वतः जाऊन बघा.

मोफत क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून प्रत्येक घरी द्या: तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, इतर व्यसनांसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, मुलांसाठी १०९८.

मुलाने सुरुवात केलीच असेल तर

शिक्षकाला दप्तरात पुडी सापडली. पुढची दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची असतात. परिपाठात नाव घेणं, पुडी सगळ्यांना दाखवणं, दाखला हातात देण्याची धमकी, यातलं काहीही केलं की ते मूल शाळेपासून तुटतं आणि टपरीच्या जवळ जातं. एकट्याला बाजूला घ्या, दार उघडं ठेवा, आणि विचारा: किती दिवस, दिवसातून किती वेळा, कुणाबरोबर, पैसे कुठून येतात, सकाळी उठल्याबरोबर लागते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर सवय पक्की झाली आहे, नुसत्या समजावण्याने भागणार नाही.

पालकांना त्याच दिवशी बोलवा, पण ज्याच्या हातून मार पडेल त्याला एकट्याला बोलवू नका. १० ते १९ वयाच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतात, तिथे समुपदेशक असतो आणि मुलाला एकट्याने बोलता येतं. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी त्याच शिक्षकाने पुन्हा बोलायचं. मधे एकदा पुन्हा खाल्ली तर सगळं फसलं असं धरू नका. सोडणाऱ्या मोठ्या माणसांचंही तसंच होतं.

गांजा, गोळ्या किंवा पावडर असेल तर पुरवणारा कोण हे मुलाकडून वदवून घ्यायचं काम शिक्षकांचं नाही. आधी उपचार. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४-अ आहे, त्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला संरक्षण मिळण्याची तरतूद आहे. पालक पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळत असतील तर त्यांना हे सांगा. पुरवठ्याबद्दल माहिती द्यायची तर १९३३ या क्रमांकावर द्यावी.

केंद्राच्या बैठकीत काय मांडायचं

दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत यासाठी दहा मिनिटं पुरतात. आकडा एकच मांडा: पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्या मुलांचं शेकडा प्रमाण. उदाहरणादाखल, जूनमध्ये २४० पैकी ९६ चिठ्ठ्यांवर 'हो' असेल तर ४० टक्के. जानेवारीच्या दुसऱ्या मोजणीत २३० पैकी ६९ असतील तर ३० टक्के. घटलेले दहा टक्के म्हणजे प्रत्येक दहा मुलांमागे एकाचा टपरीचा फेरा थांबला. बाकीचे तीन प्रश्न पुढचं काम ठरवायला वापरा: तिसऱ्याचं प्रमाण जास्त असेल तर महिलांची सभा आणि दंततपासणी, चौथ्याचं असेल तर औषधांच्या डब्याचं प्रात्यक्षिक.

शाळांची क्रमवारी लावू नका. क्रमवारी लागली की चिठ्ठ्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर भरल्या जातात. दुसऱ्या मोजणीत आकडा वाढलेला दिसला तरी घाबरू नका. पहिल्या वेळी भीतीने 'नाही' लिहिलेल्या मुलांना चिठ्ठी खरंच कुणी ओळखत नाही हे कळलेलं असतं, म्हणून ती आता खरं लिहितात. खरा कल तिसऱ्या मोजणीपासून दिसतो.

महिना निवडताना गाव बघा. बीड, अहिल्यानगरच्या ऊसतोड गावांत दिवाळीनंतर निम्मी घरं बंद असतात, त्या वेळची चिठ्ठी जूनशी ताडून पाहता येत नाही. तिथे जून आणि सप्टेंबर हे महिने ठेवा आणि आई-वडील कारखान्यावर गेल्यावर आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांसाठी वेगळी पालकसभा घ्या, ती आजी-आजोबांचीच. होळी आणि पोळ्याच्या आठवड्यात मोजू नका, कारण सणाचा आठवडा वर्षाचं चित्र देत नाही. ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाला शाळा बंद असतात. त्या दिवशी मुलांच्या रॅलीचा आग्रह धरण्यापेक्षा १ मेच्या ग्रामसभेत वर्षाचा आकडा वाचून दाखवा, कारण तिथे टपरीवालाही बसलेला असतो आणि ज्यांनी सही केली तेही.

बेरीज झाली की चिठ्ठ्या त्याच दिवशी दोन मुख्याध्यापक आणि एका पालक सदस्यासमोर जाळा आणि तशी एका ओळीची नोंद इतिवृत्तात करा. वर्षानंतर कुणाला जुन्या चिठ्ठ्या चाळायला मिळाल्या तर पुढच्या जूनमध्ये मुलं खरं लिहिणार नाहीत.